सतराव्या प्रकरणातली चाळीस सेकंदं

तीर्थस्वरूप मामांस,

भिंगरीचा साष्टांग नमस्कार (मानेला पट्टा आहे, त्यामुळे मनातल्या मनात). मामींचे गुडघे कसे आहेत? तुमची तब्येत ठणठणीत असल्याचं मंगळवारी स्टुडिओत आलेल्या फोनवरून समजलंच. तुम्ही एक अक्षरही बोलला नाहीत, पण रिसीव्हर आपटायची पद्धत तुमचीच होती आणि तो जोर आजारी माणसाचा नव्हता.

राग कशाचा ते ठाऊक आहे. तुमच्या एकुलत्या एका विज्ञान कादंबरीचं मी रेडिओसाठी श्रुतिनाट्य करते आहे. सतराव्या प्रकरणात यानाचं इंजिन बंद पडतं आणि अकरा माणसं चाळीस सेकंद गप्प राहतात, ती शांतता मी आठ सेकंदांवर आणणार असं तुम्हाला कळवलं. मामा, दोष माझा नाही. आमच्या प्रक्षेपणाच्या खोलीत एक यंत्र आहे. दहा सेकंद आवाज आला नाही की केंद्र बंद पडलं असं समजून ते आपणहून बासरी लावतं. तुमचं यान अंतराळात मरायला टेकलेलं आणि मागे बासरी, हे तुम्हाला चाललं असतं का?

तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही (तशी कधी बसते, असं मामी म्हणतील). येरझारा घालते तर चपलांचा आवाज माइकमध्ये येतो, म्हणून अनवाणी घालते. त्यात नटांनी डोकं उठवलंय. ऐकणाऱ्याला काही दिसत नाही, म्हणून जो तो दिसेल ते बोलून दाखवतो. ‘अरेच्चा, लाल दिवा लागला वाटतं’ हे वाक्य तुमच्या पुस्तकात नाही. कॅप्टन झालेल्या नाटकवाल्या काकांनी ते चार ठिकाणी घातलंय. यानाचं दार म्हणून आम्ही कचेरीतलं लोखंडी कपाट वापरतो, आणि ते कारकूनबाईंचं आहे. काल कॅप्टन पृथ्वीचा निरोप घेत असताना त्या येऊन कपाटातले रजेचे अर्ज काढून गेल्या. काकांनी प्रसंगावधान राखून त्यांचाही निरोप घेतला.

शेवटी आमच्या ध्वनिमुद्रकाने तोडगा काढला. त्या शांततेत म्हाताऱ्या कॅप्टनचा नुसता श्वास ठेवायचा. तेवढ्याने यंत्र फसतं आणि शांतता शांतताच राहते. मग सगळ्यांचे श्वास घेऊन पाहिले. काकांचा श्वास पहिल्याच सेकंदाला शेवटच्या अंकात पोचला. यानाच्या संगणकाचा आवाज देणाऱ्या निवेदिकाबाई श्वाससुद्धा स्पष्ट उच्चारात घेतात. मी प्रयत्न केला, आणि पाचव्या सेकंदाला ‘झालं का?’ असं विचारलं.

शुक्रवारी प्रक्षेपण आहे. परवानगीची तुमची सही आली नाही तर नाटकाऐवजी खरोखरच बासरी लागेल. पण मला सहीपेक्षा वेगळीच रुखरुख आहे. लहानपणी तुम्ही हे प्रकरण मला वाचून दाखवायचात आणि चाळीस सेकंद खरोखर थांबायचात. आयुष्यात तेवढाच वेळ मी गप्प बसलेली आहे. तीच शांतता कापायला मी निघाले होते, आणि आता तुम्ही माझ्याशी बोलत नाही, याचं फार वाईट वाटतं.

मामींना नमस्कार.

तुमची,
भिंगरी

ता.क. सोबत परवानगीचा कागद आहे. फुली मारली आहे तिथे सही करा.

आणखी ता.क. सतरावं प्रकरण आठ सेकंदांचं होणार नाही. हवा तो श्वास मिळाला. स्टुडिओत येणारा प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड होतो, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. मंगळवारचा तुमचा राग ध्वनिमुद्रकाने सगळ्यांना लावून ऐकवला, तर काकासुद्धा गप्प झाले. त्याचीही परवानगी त्याच कागदावर मागितली आहे, जरा बारीक अक्षरात.

शेवटचा ता.क. फक्त तो एकतीसच सेकंदांचा आहे. नऊ कमी पडतात. तेव्हा हे वाचून पुन्हा राग आला तर लगेच फोन करा, काही बोलू नका, आणि या वेळी रिसीव्हर जरा दमानं ठेवा. राग आला नसेल तर मात्र बोला. नऊ सेकंदांचं मी बघून घेईन.