देविदासचं माप

ता. ८ जाने. ६२, सोम. मलकापूर
शेटचा मिलिटरीतला जुना ट्रक आबामिस्त्रीच्या घरामागं लिंबाखाली उभा. मागच्या चाकावरचे स्प्रिंगचे पाटे मोडले. दुसऱ्या गाडीचे आणले ते लांब, चेसीवर बसत नाहीत. पाट्याची टोकं धरणारे हँगर आता घरीच घडवायचे, पत्रा तापवून. मले वाटलं काम माझं. आबा म्हणे, "देविदास करीन. सुखा, तू भाता ओढ."
मले इथं सात महिने झाले. त्याले तीन.

ता. ९, मंगळ
देविदास चिखलीचा, सातवी पास. पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं हँगर काढला, कापला, चेसीले लावून दाखवला. आबाची बायको, काकू, म्हणे, "पोराचा हात पाह्य!" माझ्या हाताले काय झालं? तिसरीत शाळा सुटली, एवढंच.
जेवताना त्याले दुसऱ्यांदा भाजी. मले विचारलं पण नाही.

ता. ११, गुरु
पहिला माल सरकीचा, लोणारले. माझं गाव! पण आबाचा नेम आहे. हँगर ज्यानं केला त्यानं वर आपल्या नावाचं अक्षर ठोकायचं, अन् पहिल्या भरल्या गाडीवर त्यानंच जायचं. म्हंजे देविदास. माझ्या मायसमोर ट्रकातून तो उतरीन. मायले मी कागद धाडला होता, मी गाड्या बनवतो म्हून.

ता. १२, शुक्र
आबा बोल्ट आणायले बाजारात. देविदासनं हँगरच्या बोल्टाच्या छेदाचं माप घेतलं, ट्रक जॅकवर असताना! पाटे लटकून राह्यले होते. लटकता पाटा आखूड भरते. वजन पडलं की सपाट होते, लांबते, पाट्याचं मागचं टोक जिले टांगलं ती झुलती पट्टी मागं सरकते. तिले जागाच ठेवली नाही. चेसीले अडकीन अन् हँगर तुटीन.
पयल्या महिन्यात मी हेच केलं होतं. आबांनी साऱ्यांसमोर गधा म्हटलं.
बोललो नाही. त्यालेही म्हणू दे.

ता. १३, शनि
हँगर बसले. रिकामा ट्रक गल्लीत फिरवला, मस्त चालला. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, मग माह्याकडं वळून, "माप तू पाह्यलं ना बे?"
"हाव" म्हटलं. तोंडातून गेलंच.

ता. १५, सोम. सकाळ
काल देविदास म्हणे, "तुहं गाव आहे बे. मायले किती दिवस पाह्यलं नाही. तू जाय. आबाले विचारलं मी." हँगरवर त्याच्या 'द'जवळ माहा 'स' ठोकला. "भाता तुनंच ओढला ना."
काऊन केलं त्यानं असं? मी त्याले कधी धड बोललो पण नाही.

पोती चढून राह्यली, देविदास वर उभा राहून रचते. खाली वाकून पाह्यलं. पट्टी अन् चेसीत चार बोटं होती, आता दोन. ड्रायव्हर आरसा पुसून राह्यला, त्याले काय माहीत. पुढं घाट आहे. काकूनं भाकरी बांधल्या, मायसाठी गुळाची ढेप.
सांगतलं तर आबा विचारीन, मंग शनवारी हाव काऊन म्हटलं? अन् देविदास तिथंच उभा राहीन, ऐकत.
अर्धी पोती बाकी. आबा ओट्यावर बिडी ओढून राह्यले. हाक मारली तर ऐकू जाईन इतक्यावर.
देविदास वरून ओरडते, "लिहितं काय बे, चढ ना! जागा धरली तुही."