शेपटीची दांडी

अण्णा, तुम्ही गेल्यापासून माळ्यावर पडलेलं तुमचं रिमोटचं विमान मी परवा खाली काढलं. धाकट्यासाठी. सुप्याच्या कारखान्यात प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली, तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून असतो. ताट ठेवलं तर अर्धं खातो, बोलत मात्र कुणाशीच नाही. आईने त्याच्या खोलीची आतली कडी स्क्रू फिरवून काढून टाकली. "त्यानं आतनं दार लावाया नको," एवढंच म्हणाली, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, मित्र येऊन हात हलवत परत गेले. मला काही सुचेना, म्हणून तुमचं विमान.

दुरुस्त करायला मी मुद्दाम त्याच्याच खोलीत फरशीवर बसले, तुम्ही स्वयंपाकघरात बसायचात तशी. अजून डोळ्यांसमोर आहे: आई भाकरी थापतेय, तुम्ही मांडीवर विमान घेऊन पोटातल्या छोट्या मोटरपासून शेपटीच्या हलत्या पट्टीपर्यंत तारेची बारीक दांडी बसवताय, आणि आम्ही दोघं श्वास रोखून बघतोय. मी एकदा म्हणाले, "थोडी सैल आहे, पण चालेल की." केवढे चिडला होतात! "चालंल म्हनू नको. एकदा वर गेलं की हात पोचत न्हाई." परवा मी दांडी चांगली घट्ट बसवली. "बघ रे, बरोबर आहे का?" त्याने मान वळवली नाही.

काल केडगावच्या पलीकडच्या माळावर त्याला जवळजवळ ओढतच नेलं. तो स्कूटरला टेकून जमिनीकडे बघत उभा राहिला. मी रिमोटची स्टिक मागे ओढली, शेपटी हलली, मला वाटलं झालं. पंखा सुरू केला. तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, थांब! उलटं चालतंय!" कितीतरी महिन्यांनी ऐकलेला त्याचा आवाज, चिरकलेला. तो धावतच आला. "स्टिक मागं ओढल्यावर पट्टी वर गेली पायजे. ही खाली जातीय. सोडलं असतंस तर तोंडावरच आपटलं असतं." त्याने डाव्या हाताने शेपटी धरली. तो सांगेल तशी मी दांडी पोटातल्या मोटरवर फिरणाऱ्या छोट्या आडव्या पट्टीच्या, आर्मच्या, दुसऱ्या बाजूला घातली. विमान उडालं, एक वळसा घेऊन बाभळींपलीकडे उतरलं. आणायला तोच गेला.

परत येताना मागच्या सीटवरून म्हणाला, "मला बोलतं करायला मुद्दाम उलटं जोडलंस ना?" मी "हो" म्हटलं. तो बारीकसं हसला असावा. पण घरी आल्यावर पुन्हा भिंतीकडे वळला, आज सकाळीही तसाच. आईने खुर्ची त्याच्या दाराशी सरकवून घेतलीय आणि ती तिथून हलत नाही.

अण्णा, तुम्हाला सांगते. मुद्दाम नव्हतं. मला खरंच कळलं नव्हतं. आणि आता त्याला पुन्हा बोलतं कसं करायचं, तेही मला कळत नाही.