पाण्याचं खातं माझ्याकडे

३ एप्रिल, सकाळी ९
आजपासून पाण्याचं खातं माझ्याकडे. घरच्या बैठकीत एकमताने ठरलं. बायको भाजी निवडत होती, तेवढ्यात मी मला निवडून घेतलं.

प्रकरण असं. लेकीने शाळेतली नोकरी सोडली. मागच्या अंगणातल्या जुन्या स्विमिंग पूलला नवं प्लास्टर करून घेतलं. एक मेपासून तिचा पोहण्याचा क्लास. चाळिशी ओलांडलेल्या, आयुष्यात पाण्यात न उतरलेल्या बायकांसाठी. पंधरा नावं आलीत. पहिलं नाव माझ्या बायकोचं. हसू आलं, दाबलं.

लेक म्हणाली, बाबा, पहिल्या दिवशी कुणाचे डोळे चुरचुरले की क्लास तिथेच बुडाला. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी माणूस ठेवते. मी म्हटलं, तीस वर्षं रंगाचं दुकान चालवलंय. पाण्याची टेस्ट म्हणजे काय, तर बाटलीत पाणी, वर औषधाचे थेंब, आणि येईल तो रंग कार्डावर जुळवायचा. रंग माझ्याशी खोटं बोलत नाही.

३ एप्रिल, दुपार
प्लास्टरवाला मिस्त्री निघाला. जाताना सूचना. पाणी सोडलं की काठोकाठ भरेपर्यंत थांबवायचं नाही. ठीक. मग माझ्या अगदी जवळ येऊन म्हणतो, महिनाभर सकाळ-संध्याकाळ ब्रश करा, एक दिवस चुकवू नका, सगळं त्यावर आहे.

आमची एवढी ओळख नाही. त्याचे स्वतःचे पुढचे दोन दात नाहीत. पण मी ओठ मिटून घेतले.

४ एप्रिल
पूल अर्धा भरला. शेजारचे वकील बघायला आले. पाइपच्या आवाजात माझं बोलणं त्यांना ऐकू जाईना, म्हणून पाणी दीड तास बंद ठेवलं. वकील प्रभावित झाले असावेत. दोनदा घड्याळ बघितलं.

५ एप्रिल
पूल भरला. भिंतीवर चारी बाजूंनी कमरेइतक्या उंचीवर एक रेघ उमटली आहे. लेकीने विचारलं, ही कसली. मी म्हटलं, खोलीचा अंदाज यावा म्हणून.

७ एप्रिल
पहिली टेस्ट. पीएच ७.४ हवा. लेक म्हणते, हा कार्डावरचा शेवटचा रंग, ८.२, किंबहुना त्याच्याही पुढे. नवं प्लास्टर पाण्यात चुना सोडतं, त्यामुळे आकडा चढतो, रोज थोडं अ‍ॅसिड घालून उतरवायचा. मी बाटली उजेडात धरली. माझ्या दुकानात या रंगाला संध्याछटा म्हणायचे, आणि ती फिकी असते. माझ्या मते पावणेआठ. लेक म्हणाली, पीएचला पावणेआठ नसतात, बाबा. तिने रंग विकलेले नाहीत.

१० एप्रिल
तळाला पांढरी पूड साचली आहे. वकिलांनी भिंतीवरून विचारलं, पीठ कुठल्या गिरणीतून आणलंत. हसलो. माणूस खटले कमी असल्याने मोकळा असतो.

११ एप्रिल
अप्रिय दिवस.

लेकीने विचारलं, बाबा, ब्रश करताय ना. मी म्हटलं, रोज दोनदा, तेही पाच-पाच मिनिटं. ती म्हणाली, पाच मिनिटांत सगळ्या भिंती होतात? मी म्हटलं, कसल्या भिंती? हिरड्यासुद्धा होतात.

बायको गॅस बघायला म्हणून आत गेली. गॅस बंद होता. लेकीने लांब दांड्याचा ब्रश आणून माझ्या हातात दिला.

दोष भाषेचा आहे. 'पूल घासा' म्हणायला मिस्त्रीला काय झालं होतं? आठ दिवस गेले. दात मात्र चमकतायत.

१२ एप्रिल
संकल्प: रोज दोनदा पूल घासणे. सकाळी एक भिंत झाली. खांदा भरून आला. संध्याकाळची फेरी स्थगित.

१३ एप्रिल
खांदा.

१६ एप्रिल, दुपारी १२
अ‍ॅसिड रोज थोडं, बादलीभर पाण्यात मिसळून, पूलभोवती फिरत ओतायचं म्हणे. हे नोकरदारांचं तत्त्वज्ञान. मी धंद्यातला माणूस. आठवड्याचं एकदम घातलं, पायऱ्यांपाशी, कारण खुर्ची तिथे होती.

१६ एप्रिल, संध्याकाळी ५
पायऱ्यांचं प्लास्टर खडबडीत झालंय. हात फिरवला तर सालं निघतील. लेकीला सांगितलं, बायका घसरू नयेत म्हणून ग्रिप दिली. तिने आईकडे बघितलं. आईने तिच्याकडे बघितलं. या दोघींचं असं बघणं मला लग्नापासून, म्हणजे लेकीच्या जन्मापासून, आवडत नाही.

१८ एप्रिल
काल कौल मिळाला. लेक म्हणाली, अ‍ॅसिड तुम्हीच घाला, पण रोज एक कप, आणि फिरून. मान्य केलं. मोठेपणा घ्यावा लागतो.

विशेष नोंद: अ‍ॅसिडचा वास येईनासा झाला. पूर्वी कॅन उघडला की डोळ्यांत पाणी यायचं. नाक तयार झालं. कारागिरांचं असंच होतं.

२२ एप्रिल, सकाळी ८.४०
पूड नाहीशी झाली. मी एकच भिंत घासली होती. पाण्याला शिस्त लागली की ते स्वतःचं स्वतः बघतं.

२५ एप्रिल
७.४. लेकीनेही तोच आकडा वाचला. पहिल्यांदाच तिची नजर माझ्याइतकी झाली. एक कप, रोज, फिरून. अ‍ॅसिड कळायला हात लागतो.

२७ एप्रिल
पुन्हा ७.४. उद्घाटनाला चार शब्द बोलावे लागतील. मसुदा: पाण्याचं मन ओळखावं लागतं. (टाळ्यांसाठी थांबणे.)

२९ एप्रिल
वकील भिंतीवरून म्हणाले, वहिनींनी पाणी काचेसारखं केलं हो. मी म्हटलं, वहिनींनी? ते म्हणाले, रोज सहाला घासत असतात, मी फिरायला निघतो तेव्हा. तुम्ही झोपलेले असाल.

आठ वाजेपर्यंत मी विचार करत पडलेला असतो. झोपलेला नव्हे.

बायको आंघोळीला गेल्यावर पंपाशेजारचं कपाट उघडलं. आत एक कॅन. उघडला, डोळ्यांतून पाणी. शेजारी तिची वही. तारीख, सकाळचा पीएच, किती अ‍ॅसिड, कुठली भिंत. एकही दिवस चुकलेला नाही. सतरा तारखेला समासात लिहिलंय: यांच्या कॅनमध्ये नळाचं पाणी भरलं. यांना सांगू नये, जीव रमतो.

बारा दिवस. बारा कप.

३० एप्रिल
काही बोललो नाही. तीही नाही. नेहमीच्या वेळी नेहमीच्या कॅनमधून एक कप पाणी पूलभोवती फिरून ओतलं. न ओतून सांगणार काय?

भाषणाचा कागद फाडला.

१ मे
क्लास सुरू झाला. पंधराच्या पंधरा आल्या. कोणाचे डोळे चुरचुरले नाहीत. लेक आवाज चढवून शिकवते, मला माहीत नव्हतं. बायको पाचव्या मिनिटाला कठडा सोडून तरंगली.

मी काठावर उभा होतो. एक बाई पायरीवर घुटमळत होती. म्हणाली, काका, पाणी कसं आहे? मी म्हटलं, सात पूर्णांक चार. ती म्हणाली, तसं नाही, गार आहे का?

मला सांगता येईना. नमुना घ्यायला मी काठीला पेला बांधला होता, वाकायला नको म्हणून. अठ्ठावीस दिवसांत हात घातलेला नाही.

बायकोनेच पाण्यातून सांगितलं, गार आहे, पण या आत, सवय होते.