पुढच्या चाकाचा दोष कुणाचा

मी, व्यंकटी हणमंत सोनकांबळे, वय एकोणपन्नास, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, धंदा दुचाकी दुरुस्ती, राहणार लोहा, जिल्हा नांदेड, आज वैशाख पौर्णिमेला सकाळची वंदना आटोपून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते काळीज. त्याची एक झडप नीट मिटत नाही आणि येत्या सोमवारी नांदेडच्या दवाखान्यात ती बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, मापाची झडप मिळते, काळजी करू नका. मापाची वस्तू मिळते असे छातीठोक सांगणारी माणसे मी धंद्यात पुष्कळ पाहिली आहेत, म्हणूनच हे लिहून ठेवतो.

माझ्यावर कुणाचे दडपण नाही. दडपण आणायला धाकटा भाऊ निवृत्ती दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा चहा घेऊन परत गेला.

कलम १. लोह्यातले दोन खोल्यांचे घर, त्यातली भांडीकुंडी आणि बँकेत जे काही असेल ते, हे सर्व माझी पत्नी चांगुणा हिचे. तिने ते कुणाच्या सल्ल्याने वापरू नये. सल्ला द्यायला जे येतील ते मला ठाऊक आहेत.

कलम २. गावच्या आमच्या एक एकर जमिनीचा मालक मी असलो तरी निवृत्ती ती सोळा वर्षे न विचारता कसतो. ती त्यालाच द्यावी, म्हणजे विचारायचा प्रश्नच मिटेल. बांधावरचे निंबाचे झाडही त्याचेच. त्या झाडासाठी त्याने माझ्याशी तीन वर्षे बोलणे टाकले होते. यंदाच्या दुष्काळात झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत वाळले आहे. आता त्याने त्याच्या सावलीत खुशाल बसावे.

कलम ३. माझ्यामागे दहावा-तेरावा काही करू नये. विहारात वंदना घ्यावी आणि आलेल्यांना पाणी द्यावे. लोह्यात टँकर आठव्या दिवशी येतो, तेव्हा एवढेही पुष्कळ झाले. भाषण कुणी करू नये, निवृत्तीने तर मुळीच नाही.

कलम ४. हे कलम मुख्य आहे. बाकीची नसती लिहिली तरी चालले असते.

माझ्याकडे डोंगरात, मातीत चालणारी एक जुनी जपानी मोटारसायकल आहे. किनवटच्या जंगलात दगडांचा सर्व्हे करायला आलेल्या लोकांनी ती मोडीत काढली होती. मी भंगारातून उचलली आणि दोन वर्षे खपून चालती केली. माझी एकुलती एक मुलगी पंचशीला किनवट तालुक्यात वनरक्षक आहे. तिच्या वाट्याच्या जंगलात पाच पाणवठे आहेत. यंदा नाले कोरडे पडल्यामुळे तिथे टँकरने पाणी सोडतात आणि ते जनावरांपर्यंत पोहोचते की नाही हे तिला रोज जाऊन पाहावे लागते. तिथे बस जात नाही, जीप जात नाही. ही गाडी जाते.

ही गाडी पंचशीलाची आहे आणि ती तिनेच चालवायची आहे.

निवृत्तीचे म्हणणे वेगळे आहे. किनवट नवा जिल्हा होणार असे त्याने कुठेतरी ऐकले आणि तिकडे रस्त्याकडेला दोन प्लॉट घेऊन ठेवले. जिल्हा अजून झालेला नाही, पण निवृत्ती कलेक्टरच्या शेजारी राहायला गेल्यासारखा चालतो. प्लॉटवर जाण्यासाठी ही गाडी त्याला पाहिजे. तो मला म्हणाला, "दादा, पोरीच्या जातीला असली गाडी शोभती का? बघितलं नव्हं फेब्रुवारीत काय झालं? हात मोडून घेतला. तिची बदली हापिसात करून घ्या, लग्न लावून द्या. गाडी मी सांभाळतो." जी गाडी चालवायला अंग हलके आणि डोके थंड लागते, ती निवृत्ती सांभाळणार. त्याला एसटीत दोन सीट लागतात.

फेब्रुवारीत काय झाले ते आजवर फक्त तिघांना ठाऊक आहे, मला, पंचशीलाला आणि माझ्या दुकानातल्या जोडीदाराला. ते मी इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिले तर निवृत्ती वाचणार नाही. मृत्युपत्र मात्र तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचेल.

जानेवारीत कोरड्या नाल्यातल्या दगडावर आपटून गाडीच्या पुढच्या चाकाची रिम वाकली. सरळ होण्यापलीकडे गेली. ह्या गाडीची रिम आता बनत नाही. मी नांदेड पालथे घातले. एका दुकानदाराने मला स्कूटरची रिम दाखवली आणि "थोडी लहान पडेल" म्हणाला. थोडी! दुसऱ्याने फोनवर फोटो दाखवला, आगाऊ पैसे मागितले, आणि गाडी कोणती ते नंतर विचारले.

मग मी लातूरला तीन खेपा केल्या. त्या दिवसांत लातुरात माणसे घागरी घेऊन रांगेत उभी होती. तिथल्या एका मोठ्या दुकानात काचेमागे रिमा टांगल्या होत्या आणि काचेपुढे पाण्याचे ड्रम. गल्ल्यावरच्या माणसाने डोंगरी गाडीची एक नवी रिम काढली आणि म्हणाला, "काका, एकवीस इंच हाय, छत्तीस भोकं हायत. आणखी काय पाहिजे, जन्मपत्रिका?"

आणखी काय पाहिजे ते मला माहीत होते. तीस वर्षे मी चाके बांधतो आहे. माझ्या गाडीला पुढे जुना ड्रम ब्रेक आहे. त्यामुळे चाकाच्या मधला डबा, ज्याला आम्ही हब म्हणतो, तो एका बाजूने मोठा आणि दुसऱ्या बाजूने लहान आहे. मोठ्या बाजूकडून येणारा स्पोक वेगळ्या तिरपेने येतो, लहान बाजूचा वेगळ्या. रिमचे प्रत्येक भोक त्याच तिरपेने पाडलेले असावे लागते. नव्या गाड्यांचा हब दोन्हीकडे सारखाच, म्हणून त्यांच्या रिमची भोकेही तशीच. भोकांची संख्या जुळते, कल जुळत नाही. तपासायची रीत सोपी आहे. हबच्या भोकातून दोरा ओवून रिमच्या भोकातून ताणून बाहेर काढायचा. दोरा कडेला घासला तर रिम आपली नाही. एवढ्यासाठी हब पिशवीत घालून न्यावा लागतो. तिसऱ्या खेपेला मी तो नेला होता. दोराही खिशात होता.

मी दोरा लावला नाही.

का लावला नाही, ते सांगतो. तिसरी खेप होती, ऊन होते, आणि तो माणूस जन्मपत्रिका म्हणाल्यावर दुकानातली सगळी गिऱ्हाइके हसली होती. लोकांनी हसू नये म्हणून मी अनाडी माणसासारखी भोके मोजली, छत्तीस भरली, रिम काखेत मारली. आयुष्यभर ज्यांना मी तुच्छ मानले, त्यांच्यासारखाच त्या दिवशी वागलो. घरी स्पोक बसेनात तेव्हा पक्कडीने त्यांच्या माना वाकवून बसवले. पंचशीलाने चाक फिरवून पाहिले आणि विचारले, "बाबा, हे स्पोक असे ताणल्यावानी का दिसून राहिले?" मी म्हणालो, "नवीन हाय, कडक बसलंय."

चौथ्या दिवशी तिसऱ्या पाणवठ्याच्या उतारावर सात स्पोक वाकवलेल्या मानेतून तुटले. चाक घडी पडल्यासारखे मुडपले. ती डाव्या अंगावर पडली, डावे मनगट गाडीखाली सापडून मोडले. मोडका हात ओढणीने गळ्यात बांधून ती सहा किलोमीटर चालत आली. दवाखान्यात निवृत्ती सगळ्यांसमोर म्हणाला, "सांगितलं व्हतं मी. पोरीच्या हातात गाडी दिली की हेच होनार."

तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "रस्ता खराब व्हता काका."

मी गप्प बसलो. चारचौघांत तीन महिने गप्प बसलो. रोज सकाळी पंचशील म्हणतो, त्यात खोटे न बोलण्याचे वचन आहे. ते म्हणताना त्या तीन महिन्यांत एकदाही माझा आवाज अडखळला नाही, याची मला इतरांच्या मूर्खपणापेक्षा जास्त चीड येते. निवृत्ती मूर्ख आहे, पण त्याला खरे ठाऊक नव्हते. मला होते.

म्हणून जाहीर करतो की रस्ता खराब नव्हता, चालवणारीची चूक नव्हती. चाक मी चुकीचे बांधले. दोष माझा.

कलम ५. माझा जोडीदार खाजामियाँ आणि मी एकाच उस्तादाकडे शिकलो. दुकान दोघांचे आहे. माझा निम्मा हिस्सा आणि हत्यारे पंचशीलाची, पण ती नोकरीत आहे तोवर दुकान त्याने चालवावे. तो या कागदावर साक्षीदार आहे, म्हणून त्याला काही देता येत नाही असे समजते. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मेरेको क्या देता रे? माझी स्पोक चावी तू पंधरा साल झाले दाबून बसलाय. मरायच्या आधी ती वापस कर, बाकी तुझी दौलत तुझ्यापाशी ठेव." चावी परत केली आहे.

खरे सांगितले ते पहिल्यांदा खाजामियाँलाच. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "भोकं मोजून रिम आणली? तू? अरे, भोकं तर चाळणीलाबी असत्यात." पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. दुसऱ्या आठवड्यात तो हैदराबादला मेहुणीच्या घरी लग्नाला गेला आणि तिथल्या भंगार बाजारातून एकवीस इंची कोरी रिम घेऊन आला, एकही भोक नसलेली. म्हणाला, "दुनियेत तुझ्या मापाची रिम नाही. आता माप आपणच टाकायचं."

मला तोवर दोन मिनिटे उभे राहिले की दम लागायचा. प्लास्टर निघाल्यावर पंचशीला रजा घेऊन आली. मी खाटेवर बसून हबमधला दोरा ताणून धरायचो, ती दोऱ्याच्या रेषेत खूण करायची आणि ड्रिल धरायची. दिवसाला सहा भोके, कारण वीज तेवढीच असायची. सातवे भोक तिने पाडायला घेतले तेव्हा मी म्हणालो, जराशी डावीकडे घे. ती म्हणाली, "दोरा काय म्हणतो?" दोरा बरोबर होता. त्यानंतर मी फक्त दोरा धरला. सहाव्या दिवशी छत्तीस भोके झाली. स्पोक तिनेच ओवले, तिनेच ताणले, चाक स्टँडवर चढवून डुलणे तिनेच काढले. एकाही स्पोकची मान वाकवावी लागली नाही.

कलम ६. वरील चाक ~~खाजामियाँ यांनी दर महिन्याला तपासून बरे म्हटल्याशिवाय पंचशीलाने गाडी जंगलात नेऊ नये~~ पंचशीलाने स्वतः बांधले आहे.

या कलमातील खोडलेले शब्द मीच लिहिले होते आणि मीच खोडले आहेत. शेजारी माझी सही आहे. कारण असे की आज दुपारी हा कागद इथपर्यंत पंचशीलाने वाचला. कलम चार वाचताना तिने ओढणीने तोंड पुसले. कलम सहाला मात्र कागद माझ्यासमोर ठेवला.

"बाबा, हे कुणासाठी लिहिलं?"

"तुझ्या काळजीपोटी."

"माझं चाक खाजाचाचा तपासनार. आन तुमचं चाक कुणी तपासलं व्हतं?"

चांगुणा चुलीपाशी होती. ती वळून म्हणाली, "उत्तर द्या की आता. तीस वर्षांचे उस्ताद न्हवं का तुम्ही?"

खाजामियाँ दारात बसला होता. तो म्हणाला, "बेटी, मी तर तपासलं बी नसतं. महिन्याला किनवटपर्यंत कोण मरायला येतो?"

निवृत्ती म्हणतो की पोरीच्या हातात गाडी देऊ नये. तो उघड म्हणतो, आणि मी त्याला हसतो. मीही तेच म्हणत होतो, फक्त सातवी शिकलेल्या माणसाच्या चांगल्या भाषेत, कलमाचा आकडा घालून. म्हणून खोडले.

कलम ७. सोमवारी मला दवाखान्यात नेण्यासाठी निवृत्तीने जीप सांगून ठेवली आहे. ती त्याने रद्द करावी किंवा तिच्यात बसून स्वतःच्या प्लॉटवर जावे. लोह्याहून नांदेडपर्यंत मी याच गाडीवर पंचशीलाच्या मागे बसून जाणार आहे. डॉक्टरांना विचारलेले नाही. वाटेत मला काही झाले तर ते माझ्या काळजामुळे झाले असे समजावे, चाकामुळे नाही. चाकाबद्दल माझी खात्री आहे, हे मी खालील दोन साक्षीदारांच्या समक्ष लिहून देतो.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

(सही) व्यंकटी हणमंत सोनकांबळे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:

१. खाजामियाँ महेबूबसाब शेख, धंदा दुचाकी दुरुस्ती, लोहा. (सही उर्दूत)

२. जगदेवी शिवलिंगप्पा बिडवे, निवृत्त शिक्षिका, आमच्या शेजारी, लोहा. (सही)

मुक्काम लोहा, जिल्हा नांदेड. शनिवार, दिनांक २१ मे २०१६.