पारू तिऱ्हाईत निघाली

श्रावण, मंगळवार. दिवेलागणीची वेळ.

आज चहा घशाखाली उतरला. चार दिवस उतरत नव्हता. मंडळासाठी पडवी मीच सारवली होती. ओली होती, आणि फुगडीच्या सरावात शेजारची पारू तिथंच घसरली. मनगट मोडलं. आता दवाखाना माझ्या बोडक्यावर आणि बायांचं फुगडी मंडळ बंद, एवढंच डोक्यात.

सुनेनं मंडळाचा विमा उतरवला तेव्हा मी म्हटलं होतं, "आम्ही मरायची वाट बघतेस व्हय?" ती म्हणाली, "आई, हा मरणाचा न्हाय. आपल्या चुकीनं तिऱ्हाइताला लागलं तर त्याचा हाय."

आज विमावाला आला. पहिलाच सवाल, "बाई मंडळाच्या सभासद आहेत का? सभासदांना हा विमा लागू नाही."

पारू तर रोज येते. सभासदांची वही उघडली, तर तिचं नाव न्हाय! गेल्या साली सुक्या जवळ्यावरून भांडलो, तेव्हा मीच तिचं नाव लिहू दिलं नव्हतं.

अन् ती ओली पडवी? गिळून टाकावी का? न्हाय, सांगून टाकलं. तर तो म्हणतो, "आजी, चूक तुमची आहे म्हणूनच तर कंपनी खर्च देईल." माझ्या चुकीचं असं कौतुक जन्मात कुणी केलं न्हाय.

पारूला सांगायला गेले. गळ्यात हात बांधलेला, तरी हसली मेली.

"आता तरी वहीत माझं नाव घाल गं."

"गप बस," म्हटलं. "परत पडलीस म्हणजे?"