मॅरियन फिनीचं बालपण

एडिंबरा, १२ नोव्हेंबर १९५३

प्रिय एल्स्पेट आत्या,

मनापासून नमस्कार. तुझा खोकला, तुझ्या कोंबड्या आणि नवे पाद्रीबाबा (याच क्रमाने) बरे असतील अशी आशा करते. मी बरी आहे. (हे पूर्ण खरं नाही. ते शेवटी येईल.)

तू विचारलंस, एवढं शिकून मी नेमकं करते काय. जुन्या स्कॉट्स भाषेच्या कोशासाठी जुनी दप्तरं वाचते आणि एकेक शब्द त्याच्या वाक्यासकट चिठ्ठीवर उतरवते. सध्या माझ्याकडे ‘बार्नेज’ आहे. चारशे वर्षांपूर्वी बालपणाला तसं म्हणत. पण आमच्या चिठ्ठ्यांत बार्नेज असतं ते राजपुत्रांना आणि कवनांतल्या वीरांना. कोळिणींना ते होतं की नाही, कळायला मार्ग नाही. (तू म्हणशील, त्यात कळायचंय काय? तुझ्या हाती तर सातव्या वर्षीच मासे चिरायची सुरी आली.) आमचे संपादक डॉ. लीश्मन म्हणाले, "एखाद्या गरिबाचं बालपण शोधा, मिस फिनी. तुमची नेमणूक पक्की करायला तेवढं पुरे."

मंगळवारी सापडलं. १५९७ सालची चौकशी, आपल्याच गावची बाई, नाव मॅरियन फिनी. मुरगळलेल्या पायाला नऊ गाठींचा दोरा बांधून मंत्र म्हणायची, म्हणून चेटकीण ठरली. कुणाकडून शिकलीस असं विचारल्यावर म्हणाली, आईकडून, माझ्या बार्नेजात. खाली वेगळ्या शाईत एवढंच, की गळा आवळून जाळली. नऊ गाठी, आत्या. मी खुर्चीतच पाय आखडून घेतले. (मला दोरा बांधताना तू म्हणायचीस, "गप बस गं, मोजू दे. आठच झाल्या तर जन्मभर लंगडशील.")

मी सगळं उतरवलं. डॉक्टरांनी चिठ्ठी परत केली. "वाक्य सुरेख आहे. जाळणं काढा. शब्दाच्या अर्थाशी त्याचा संबंध नाही." मी म्हटलं, तिला पकडलं नसतं तर हे वाक्य कुणी लिहूनच ठेवलं नसतं. "खरंय," ते म्हणाले, "पण चिठ्ठी लहान आहे."

मी काढलं. आता कोशात तिचं बालपण राहील, पुढचं काही नाही. 

तुझी भाची,
जेसिमिना

ता. क. जाळल्याचं मी चिठ्ठीच्या मागे लिहिलंय, शाईने. डॉक्टर सोमवारी ती उलटून बघतील. नोकरी गेली तर बाबांना तूच सांग.

ता. क. २. चिठ्ठी कोशाच्या पेटीत टाकून पळताना जिन्यात माझा पाय मुरगळला. पट्टीने सूज काही उतरत नाही. दोरा पाकिटात घालून पाठव, गाठी दोनदा मोज. मंत्र मात्र लिहू नकोस. नववर्षाला येईन तेव्हा कानात सांग.