स्मारकाच्या चौथऱ्यातून काँक्रीटचा नमुना काढण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पूल विभाग.

विषय : नदीकाठच्या स्मारकातून काँक्रीटचा नमुना कापण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : विभागाचे पत्र, ‘अनुभवाअभावी प्रस्ताव अमान्य’.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्याच विभागात कनिष्ठ अभियंता आहे. जुन्या पुलाच्या सळया गंजून फुगल्या होत्या. दर उन्हाळ्यात वरून साधे काँक्रीट थापले जाई, पावसाळ्यानंतर त्याच्या खपल्या निघत. पोलादी तंतू मिसळलेले, पाणी आत न शिरू देणारे नवे काँक्रीट वापरावे, असा प्रस्ताव अर्जदाराने दिला होता. विभागात अशा काँक्रीटचे एकही काम झालेले नाही, सबब अनुभव नाही, सबब ते वापरता येणार नाही, असे उत्तर आले.

२. त्यानंतर पूल पडला. अर्जदाराचा थोरला भाऊ दुधाची गाडी घेऊन पुलावर होता. “तुझा पूल खोकतो गं, औषध दे त्याला,” असे तो नेहमी म्हणे. दुसऱ्या दिवशी अर्जदार कामावर हजर होती. ढिगाऱ्याचे मोजमाप घ्यायला उपविभागात दुसरे कोणी नव्हते.

३. विभागाने मृतांचे स्मारक उभारले. ते पिढ्यान्‌पिढ्या टिकावे म्हणून चौथरा त्याच नव्या काँक्रीटचा केला. स्मारक हे पूल नसल्याने अनुभवाची अट आड आली नाही. देखरेख अर्जदाराकडे होती. चौथऱ्याला एकही तडा नाही. अर्जदाराला प्रशस्तिपत्र मिळाले आहे.

४. नव्या पुलाचा आराखडा पुन्हा साध्या काँक्रीटचाच आला आहे. कारण तेच, अनुभव नाही. तरी चौथऱ्यातून मुठीएवढा नमुना कापून तपासावा आणि तो विभागाचा अनुभव धरावा, ही विनंती.

५. स्मारकाला हात लावायचा तर मृतांच्या घरच्यांची संमती हवी, असे मुख्य लिपिकांनी सांगितले. अर्जदार घरोघरी जाऊन आली. वहिनीकडे सर्वांत शेवटी गेली. ती कपडे वाळत घालत होती. दादाच्या नावाची बाजू सोडून मागून कापू, असे सांगितल्यावर ती म्हणाली, “कुठूनही कापा. गाडी आता लेक चालवते. नव्या पुलावरून तीच जाणार आहे.”

तिने ओल्या हातानेच सही केली. शाई पसरली आहे. सही तिचीच आहे, ती ग्राह्य धरावी.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
कनिष्ठ अभियंता
(सही)
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत : कुटुंबांची संमतिपत्रे, चौथऱ्याच्या कामाचा दाखला.